मागचं वजन

नार्व्याच्या फेरीत लोडरचे दोन हात चढवले
तेव्हा फेरीवाला म्हणाला, याला धरू कशात,
माणसांत की गाडीत?
मी म्हटलं, नुसते हात आहेत, बघ काय ते.
तो हसला नाही. ओहोटी लागलेली,
बकेटीत दोन शाळकरी पोरं जाऊन बसलेली,
आणि समोर दिवाडी.

ट्रॅक्टर एकोणऐंशी सालचा.
एस्पेरान्साबायचा भाऊ तारवावर गेला तेव्हा
किल्ली आल्ताराशेजारच्या खिळ्याला लावून गेला.
निळा रंग उडालाय, खालचा लाल दिसतो;
सीटवर तांदळाचं पोतं घडी करून.
तिचं म्हणणं साधं:
मानशीच्या अंगाला बांध फुटलाय, खारं पाणी आत येतं.
पूर्वी बारा जण उभे राहायचे ओळीने,
चिखलाचे गोळे हातोहात सरकायचे.
आता चौघे आहेत. त्यातल्या दोघांचे गुडघे गेले.

मी बावीस वर्षं खाणीच्या गॅरेजात.
खाण बंद झाली त्या दिवशी
पान्यांची पेटी घेऊन डिचोलीपर्यंत चालत आलो,
का, ते मला अजून सांगता येत नाही.

आडवा झालो ट्रॅक्टरखाली.
क्लच हाउसिंगवर खरडलं तर मातीखाली ग्रीस,
ग्रीसखाली रंग, रंगाखाली
आटे पाडलेली चार भोकं, दोन्ही बाजूंना.
चाळीस वर्षांत कुणी बोल्ट घातला नव्हता.
बसूला हाक मारली, बघ रे.
तो म्हणाला, पाऊण इंची.
बरोबर होतं त्याचं.

चॅनल कापलं, चौकट बांधली,
मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेली ओढून,
कारण सगळा भार मधल्या कास्टिंगवर टाकला
तर एक दिवस ट्रॅक्टर बिस्किटासारखा मोडतो.
याच्या पोटातलं तेल नांगर उचलण्यापुरतं.
म्हणून पंप वेगळा, टिपरचा, भंगारातला,
पीटीओवर बसवला; टाकी माझ्या घरच्या सिलिंडरची,
कापून, धुऊन, तीनदा धुऊन.

तिसऱ्या दिवशी बायच चढली वर.
मी म्हटलं, सावकाश. तिने लिव्हर ओढला.
हात उठले,
चिखलाने भरलेली बकेट उठली,
आणि मागचं डावं चाक
वीतभर उठलं जमिनीवरून, तसंच राहिलं.
कुणी ओरडलं नाही. खंड्या उडाला तेवढाच.
बाय वरून म्हणाली, आता मी उतरू की नको?

मागे वजन हवं. हे मला ठाऊक होतं,
आणि तरी मी विसरलो, हे लिहून ठेवतो.
चिरे लावून पाहिले. हलके.
वाळू तर नकोच, नदीची वाळू दिसली की पोलीस येतात.

मग आठवलं ते परसातलं.
दर पावसाळ्यात माझ्या कुंपणाशी साचायचं,
ट्रकांनी सांडलेलं, काळं-तांबडं खनिज.
त्याने विहीर गढूळ केली, वायंगण बसवलं,
बायको ते पायरीवरून झाडत झाडत म्हातारी झाली.
कधी वाटलं नव्हतं याचा वास घरातून जाईल.
सात पोती भरली. पोतं लहान,
पण दोघांना उचलत नाही, एवढं जड.
पुन्हा नार्वे, पुन्हा तो फेरीवाला. या वेळी त्याने विचारलं नाही.

लोखंडी पेटी, तीन बिंदूंवर टांगलेली,
तिच्यात ती सात पोती रिकामी केली.
बायने लिव्हर ओढला.
चाक बसून राहिलं.

सुक्या बाजूचा चिखल उचलून
तिने भगदाडात पहिली बकेट ओतली.
पाण्याने ती खाल्ली.
दुसरीही खाल्ली. पाचवी थोडी दिसली.
ते चौघे काठीने चेचत होते,
आणि ज्यांचे गुडघे गेलेत ते
कडेला बसून सूचना देत होते, एकाच वेळी, दोन वेगळ्या.

स्टिअरिंग दगडासारखं झालंय, ती म्हणाली.
होणारच. पुढच्या टायरात हवा वाढव.
आणि उजवीकडची एक नळी अजून ठिबकते,
तिच्याखाली डबा ठेवलाय.
पैसे कोरगुट कापल्यावर, असं ठरलं.
रविवारी येतो, मिसा सुटल्यावर.